उसळत्या विश्वातले तरंग : पुण्यात घडलेल्या एका वादाचा इतिहास

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यानंतर मराठीत त्यांच्याविषयी जे विपुल लेखन झाले त्यात दोन विधाने पुन:पुन्हा भेटतात. पहिले असे की, नारळीकरांनी महास्फोटाच्या सिद्धान्ताला आव्हान दिले. दुसरे असे की, त्यांनी मांडलेले आकुंचन-प्रसरण पावणारे विश्व म्हणजे आपल्या पुराणांतल्या कल्प-प्रलयाचेच शास्त्रीय रूप होय. मुळशी तालुक्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हा काही अध्यापकांना ही विधाने नवी नाहीत. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला २०१४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या निबंधांत ती जवळजवळ शब्दश: येत राहिली आहेत. पहिले विधान खरे आहे, पण अपुरे आहे. दुसरे आम्हांस चुकीच्या ठिकाणी जोर देणारे वाटते. उसळत्या विश्वाचा वाद ज्या प्रश्नावर पणाला लागला तो 'विश्व चक्राकार आहे काय' हा भव्य प्रश्न नव्हे. तो प्रश्न फार बारीक आहे : विश्वातल्या द्रव्याच्या घनतेत जे सूक्ष्म चढउतार असतात, त्यांचे अशा विश्वात पुढे काय होते? प्रस्तुत लेखात या बारीक प्रश्नाचा इतिहास सांगण्याचा प्रयत्न आहे. आम्ही विज्ञानाचे अभ्यासक नाही. परंतु एखाद्या कल्पनेचा इतिहास वाचणे हे आमच्या व्यवसायाचे काम आहे.

मुळात हे चढउतार, ज्यांना शास्त्रीय परिभाषेत विक्षोभ म्हणता येईल, ते इतके महत्त्वाचे का? सर्वत्र अगदी सारख्या घनतेच्या विश्वात काहीही घडणार नाही. दीर्घिका नाहीत, तारे नाहीत, मुळशीही नाही. कुठेतरी द्रव्य किंचित दाट हवे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने ते आसपासचे द्रव्य ओढून घेईल, अधिक दाट होईल, अधिक ओढेल. जेम्स जीन्सने १९०२ साली हे गणित स्थिर अवकाशातल्या वायूसाठी केले, आणि त्यात दाटपणा भराभर वाढतो असे आले. पुढे विश्व प्रसरण पावते हे कळल्यावर सोव्हिएत रशियातल्या येवगेनी लिफ्शिट्झने १९४६ साली तेच गणित प्रसरणशील विश्वासाठी केले. उत्तर निराशाजनक होते. अवकाशच ताणले जात असल्याने दाटपणाची वाढ अतिशय मंद होते. म्हणजे आजच्या दीर्घिका हव्या असतील तर आरंभीच पुरेसे मोठे 'बीज' हवे. ते बीज १९९२ साली कोबे उपग्रहाने दाखवले. विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाच्या तापमानात दिशेनुसार सुमारे एक लक्षांश इतका फरक असल्याचे आढळले. तेव्हापासून विश्वाविषयीच्या कोणत्याही सिद्धान्ताला एक सक्तीची परीक्षा द्यावी लागते : हा एक लक्षांश कुठून आला ते सांगा, आणि त्यातून दीर्घिका कशा झाल्या ते सांगा.

आता उसळीच्या कल्पनेकडे वळू. अलेक्झांडर फ्रीडमनने १९२२ साली आइन्स्टाइनच्या समीकरणांतून फुगणारे आणि पुन्हा मिटणारे विश्व काढले. आमच्या वाचकांना गंमत वाटेल, की पुढच्याच वर्षी लिहिलेल्या आपल्या लोकसुलभ पुस्तकात त्याने हिंदू पुराणांतल्या सृष्टिचक्रांची आठवण काढली आहे. मात्र खगोलीय पुरावा अपुरा असल्याने याकडे तूर्त कुतूहलाची गोष्ट म्हणूनच पाहावे, असेही लगेच बजावले आहे. आपल्याकडच्या कित्येक लेखकांनी यातला पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडला. जॉर्ज लमेत्रला १९३३ साली अशा विश्वासाठी राखेतून उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याची प्रतिमा सुचली. रिचर्ड टोलमनने मात्र प्रतिमांत न रमता उष्मागतिकी लावली. प्रत्येक चक्रात एन्ट्रॉपी वाढते, म्हणून पुढचे चक्र मागच्यापेक्षा मोठे होते. याचाच अर्थ मागे मागे जावे तशी चक्रे लहान होत जातात, आणि ज्या आरंभापासून सुटका हवी होती तो पुन्हा दारात उभा राहतो.

यापेक्षा मोठी अडचण प्रत्यक्ष उसळीच्या क्षणाची होती. आकुंचन पावणारे विश्व शून्य आकाराला, अनंत घनतेला पोचते. तिथे समीकरणेच मोडतात. या अवस्थेला सिंग्युलॅरिटी म्हणतात. काहींना आशा होती की ही आपत्ती केवळ आपण विश्व अगदी सुबक, गोलसर मानल्यामुळे येते. खऱ्या विश्वातल्या ओबडधोबडपणामुळे द्रव्याचे प्रवाह एकमेकांना चुकवून निघून जातील आणि विश्व आपोआप उसळेल. १९६३ साली लिफ्शिट्झ आणि खालत्निकोव यांनी हेच प्रतिपादन केले. लक्षात घ्या, येथे विक्षोभ विश्वाचे तारणहार म्हणून आले आहेत. पण कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली जे समीकरण मांडले होते त्याचा निर्णय वेगळा होता : गुरुत्वाकर्षण आकर्षकच असेल तर एकत्र येणारे मार्ग एकवटतातच, द्रव्य भोवऱ्यासारखे फिरत नसेल तर त्यांना वाचवणारे काही नाही. १९६५ पासून पेनरोझ आणि हॉकिंग यांनी या पायावर प्रमेये उभी केली, आणि बेलिन्स्की या सहकाऱ्यासह रशियन गटाने १९७० च्या सुमारास आपले मत बदलले. त्यांना आता असे दिसले की आकुंचनात ओबडधोबडपणा विश्वाला वाचवीत नाही. उलट तो बेसुमार वाढतो. याचे गणित सोपे आहे. विश्वाचा आकार निम्मा झाला की साध्या द्रव्याची घनता आठपट होते, पण दिशादिशांतल्या विषमतेचा प्रभाव चौसष्टपट होतो. प्रसरणात जो दोष विरून जातो तोच आकुंचनात राज्य करू लागतो.

या पार्श्वभूमीवर पुण्यातला प्रयत्न पाहिला पाहिजे. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले, बनारसला वाढलेले, केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे शिष्य आणि मग सहकारी झालेले नारळीकर १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या परिसरातील आयुका या संस्थेचे संस्थापक-संचालक झाले. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांचा १९४८ चा स्थिरस्थिती सिद्धान्त १९६५ साली सूक्ष्मलहरी प्रारण सापडल्यावर बहुतेकांनी टाकून दिला होता. हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ साली त्याचे नवे रूप प्रसिद्ध केले. इंग्रजीत त्याला क्वाझी स्टेडी स्टेट म्हणतात, आपण 'स्थिरवत् विश्व' म्हणू. यातले विश्व दीर्घकाळात हळूहळू वाढते, पण त्या वाढीवर आकुंचन-प्रसरणाची आंदोलने स्वार असतात. एक आंदोलन सुमारे चार ते पाच हजार कोटी वर्षांचे आणि दीर्घ वाढीचा काळ सुमारे एक लाख कोटी वर्षांचा. विश्वाचा आकार कधीही शून्य होत नाही. रायचौधुरींच्या समीकरणातून वाट काढण्यासाठी त्यांनी 'सी-क्षेत्र' वापरले. या क्षेत्राची ऊर्जा ऋण असते; ते दाट अवस्थेत प्रतिकर्षण करते, आणि अतिघन वस्तूंच्या निकट नव्या द्रव्याची निर्मिती घडवते. एकाच महास्फोटाऐवजी अनेक छोटे निर्मितिस्फोट, असे हे चित्र होय.

पुराणातला कल्प ४३२ कोटी वर्षांचा. वरच्या आकड्यांशी त्याचा मेळ बसत नाही, आणि बसला असता तरी त्याने काही सिद्ध झाले नसते. शिवाय प्रलयात सृष्टीचा लय अभिप्रेत आहे. स्थिरवत् विश्वात आकुंचनाच्या तळाशीही दीर्घिका शाबूत असतात. साम्य आहे ते फक्त 'पुन्हा पुन्हा' या शब्दांत. असो.

आम्हांस या इतिहासातले सर्वांत वाचनीय पान १९९७ चे वाटते, आणि मराठीत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. त्या वर्षी एस. के. बॅनर्जी आणि नारळीकर यांनी 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल'मध्ये स्थिरवत् विश्वाच्या स्थैर्याचा प्रश्न तपासला. विश्व जसे मांडले आहे तसे राहील, की एखाद्या बारीक धक्क्याने कोलमडेल? त्यांनी समीकरणांत लहान विक्षोभ घातले आणि त्यांचा प्रवास पाहिला. ते विक्षोभ मर्यादेबाहेर वाढत नाहीत, असे दिसले. सिद्धान्ताच्या दृष्टीने ही सुवार्ता होती : अनंत काळ आंदोलने करणारे विश्व आपल्याच ओबडधोबडपणाने मोडून पडत नाही. पण या सुवार्तेच्या पोटातच संकट होते. विक्षोभ वाढत नाहीत तर दीर्घिका होतात कशा? जीन्सपासून चालत आलेला मार्ग, म्हणजे लहान दाटपणा गुरुत्वाने मोठा होण्याचा मार्ग, बंद झाला. विश्व जितके टिकाऊ, तितके ते वांझ.

साहित्यात आपण अशा जागेला पेच म्हणतो. नाटककार तिथे पडदा पाडतो. पुण्याच्या गटाने दोन वर्षांनी उत्तर दिले. १९९९ साली अली नयेरी, सुनू इंजिनिअर, नारळीकर आणि हॉइल यांनी एक प्रयोग संगणकावर केला. त्याची रीत सामान्य वाचकालाही कळेल अशी आहे. एका घनाकृती जागेत लाखाच्या घरात बिंदू कसेही विखरून टाका. काही बिंदूंच्या शेजारी, कोणत्याही दिशेला, ठरावीक अंतराच्या आत एकेक नवा बिंदू निर्माण करा. हा झाला निर्मितिस्फोट. मग सारी जागा ताणा आणि मूळ आकाराइतका मधला तुकडा घ्या. हे झाले एक आंदोलन. हेच पुन्हा पुन्हा करा. काही फेऱ्यांनंतर विखुरलेल्या बिंदूंतून पुंजके, तंतू आणि मधल्या पोकळ्या दिसू लागल्या. दोन दीर्घिका एकमेकींच्या जवळ सापडण्याची शक्यता अंतरानुसार कशी घटते याचा जो नियम निरीक्षणांतून माहीत होता, त्याचा घातांक सुमारे उणे १.८ आहे, तोच या खेळण्यातून निघाला. 'खेळणे' हा शब्द आमचा नव्हे. लेखकांनी स्वत:च शीर्षकात आपल्या रचनेला 'टॉय मॉडेल' म्हटले आहे. गुरुत्वाकर्षण या प्रयोगात जवळजवळ नाहीच; आहे ती केवळ शेजारी जन्मण्याची सवय. वंशवेलीसारखी ही रचना आहे. बीज मोठे होत नाही, त्याला शेजार मिळतो.

ही कल्पना आम्हांस आजही मोहक वाटते, पण मोह हा निकष नव्हे. एक लक्षांशाची परीक्षा अजून बाकी होती. स्थिरवत् विश्वात सूक्ष्मलहरी प्रारण म्हणजे मागच्या आंदोलनांतल्या ताऱ्यांचा प्रकाश. लोखंडाच्या केसासारख्या सूक्ष्म तंतूंनी तो शोषून पुन्हा सोडल्यामुळे सर्वत्र सारखा झालेला. मग त्यातले चढउतार कुठले? २००३ साली नारळीकर, विश्वकर्मा, हाजियन, सौरदीप, बर्बिज आणि हॉइल यांच्या नावे आलेल्या लेखात त्याचे उत्तर आहे : मागच्या आकुंचनाच्या तळाशी जे दीर्घिकासमूह होते त्यांच्या आकारांचे ठसे प्रारणावर उमटले आहेत. (हॉइल तोवर दिवंगत झाले होते, २००१ साली.) या लेखाने त्या काळच्या मोजमापांशी जुळवणी करून दाखवली. तथापि त्याच वर्षी डब्ल्यूमॅप उपग्रहाची मोजमापे प्रसिद्ध झाली आणि २०१३ ते २०१८ या काळात प्लांक उपग्रहाची. चढउतारांच्या आलेखातली शिखरे, त्यांची उंची, प्रकाशाच्या ध्रुवीकरणाशी त्यांचे नाते, हे सारे प्रचलित सिद्धान्त अवघ्या सहा आकड्यांच्या आधारे सांगू शकला. स्थिरवत् विश्वाला प्रत्येक शिखरासाठी वेगळी वस्तू दाखवावी लागत होती. आमच्या मते वाद येथे संपला. नारळीकर मात्र अखेरपर्यंत आपल्या मताशी एकनिष्ठ राहिले. त्यांच्या निष्ठेचा आदर करावा. पण 'जगाने त्यांना न्याय दिला नाही' असे जे आपण श्रद्धांजलीच्या भरात लिहितो ते बरोबर नाही. जगाने त्यांचे गणित तपासले, आणि १९९७ साली त्यांनी ते स्वत:ही तपासले होते.

उसळीची कल्पना मात्र संपली नाही. किंबहुना विक्षोभांच्या अभ्यासानेच तिला नवे आयुष्य दिले. डेव्हिड वाँड्स यांनी १९९९ साली दाखवले, की साध्या द्रव्याने भरलेले विश्व आकुंचन पावत असेल तर निर्वातातले क्वांटम चढउतार सर्व लांबींवर जवळपास सारख्या जोराचे होतात. आणि आकाशात दिसतात ते चढउतार जवळपास तसेच आहेत. तोवर हे श्रेय विश्वाच्या आरंभीच्या अतिवेगवान फुगवट्याला, म्हणजे इन्फ्लेशनला दिले जाई. प्रसरणात विरून जाणारा विक्षोभाचा जो घटक पाठ्यपुस्तके दुर्लक्षित करतात, तोच आकुंचनात वाढणारा नायक ठरतो. पण येथेही किंमत मोजावी लागते. अशा साध्या उसळीत गुरुत्वीय लहरीही तितक्याच जोमाने वाढतात, आणि प्रत्यक्षात तशा प्रबळ लहरी सापडलेल्या नाहीत. आयुकात घडलेले एल. श्रीरामकुमार आणि त्यांचे सहकारी रवींद्रन, देबिका चौधुरी यांनी २०१८ साली दोन क्षेत्रे घेऊन ही अडचण टाळता येईल अशी एक रचना मांडली. स्टाइनहार्ट, टुरॉक आणि सहकाऱ्यांनी २००१ पासून वेगळाच मार्ग धरला होता : आकुंचन इतक्या मंद गतीने घडवायचे, की चौसष्टपटीने वाढणारी ती विषमता डोके वर काढूच शकणार नाही.

याच कथेत दुसरे एक मराठी नाव येते, आणि ते आपल्या वाङ्मयीन वर्तुळात पुरेसे पोचलेले नाही. अभय अष्टेकर यांचा जन्म १९४९ सालचा, धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा. त्यांनी १९८६ साली आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांत लिहिली. त्यातून लूप क्वांटम गुरुत्वाची शाखा उभी राहिली. २००६ साली अष्टेकर, पावलोव्स्की आणि आयुकातून डॉक्टरेट घेतलेले परमप्रीत सिंग यांनी दाखवले, की या सिद्धान्तात विश्वाची घनता प्लांक घनतेच्या सुमारे ४१ टक्क्यांपर्यंत पोचली की अवकाशाची क्वांटम रचनाच प्रतिकर्षण करते आणि विश्व उसळते. ऋण ऊर्जेचे वेगळे क्षेत्र लागत नाही. नारळीकरांनी ज्या जागी सी-क्षेत्र ठेवले होते तिथे आता खुद्द अवकाशाचा कणीदारपणा आला.

मग लगोलग एक वाद झाला, जो साहित्याच्या अभ्यासकाने वाचावाच. मार्टिन बोजोवाल्ड यांनी २००७ साली म्हटले, की उसळीतून जाताना विश्व आपल्या पूर्वस्थितीतल्या काही गोष्टी विसरते. विशेषत: पूर्वीच्या विश्वाच्या अवस्थेत किती क्वांटम अनिश्चितता होती हे अलीकडून जवळजवळ कळू शकत नाही. त्यांनी याला 'विश्वाचे विस्मरण' म्हटले. पुढच्या वर्षी कोरिची आणि परमप्रीत सिंग यांनी उत्तर दिले. शीर्षकातच 'विश्वाचे स्मरण' होते. नेमके सोडवता येणाऱ्या एका प्रतिमानात त्यांनी सिद्ध केले, की उसळीच्या अलीकडची अनिश्चितता पलीकडच्या अनिश्चिततेने घट्ट बांधलेली असते. ही सबंध विश्वाच्या अवस्थेतली अनिश्चितता आहे, दीर्घिकांची बीजे नव्हेत. दोन्हींची गल्लत करू नये. परंतु प्रश्नाचा सूर तोच आहे : पलीकडून अलीकडे काय येते?

दीर्घिकांच्या बीजांपुरते उत्तर आगुयो, अष्टेकर आणि नेल्सन यांनी २०१२-१३ मध्ये दिले. ते समजण्यास आमच्या तालुक्यातले एक उदाहरण सोयीचे आहे. १९२१ ते २४ च्या सत्याग्रहानंतरही मुळशी धरण झालेच आणि खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली. वाऱ्याने पृष्ठभागावर उठणाऱ्या आखूड तरंगांना त्या बुडालेल्या तळाचा पत्ता नसतो. लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून तळ खोल असला की लाट त्यावरून काहीच न होता निघून जाते. तळ जाणवतो तो केवळ लांब लाटेला, आणि तीच तिथे रूप बदलते. उसळीचेही तसेच आहे. त्या क्षणी अवकाशाला जी वक्रता असते तिच्या मानाने आखूड असलेले विक्षोभ उसळीतून अस्पर्श पार होतात. लांब विक्षोभ मात्र बदलतात. त्यानंतर इन्फ्लेशन येते आणि साऱ्यांना ताणते. म्हणून उसळीची खूण उरलीच असेल तर ती आकाशातल्या सर्वांत विस्तीर्ण पट्ट्यांत, सुमारे ६० अंशांहून मोठ्या कोनांवर असेल. आणि नेमके तिथेच प्लांकच्या मोजमापांत चढउतार अपेक्षेहून क्षीण आहेत. २०२० साली अष्टेकर, गुप्त, जिऑंग आणि श्रीनाथ यांनी ही क्षीणता उसळीमुळे असू शकते असे दाखवले आणि पुढील निरीक्षणांसाठी एक निश्चित भाकीतही मांडले.

आक्षेपही तितकेच ठाम आहेत. इन्फ्लेशन थोडे अधिक लांबले असते तर या खुणा आपल्या दृष्टिक्षितिजाबाहेर गेल्या असत्या. त्या नेमक्या काठावर असाव्यात हा योगायोग मान्य करावा लागतो. दुसरा आक्षेप मोजणीचा आहे. लहान कोनांवर आकाशात हजारो स्वतंत्र नमुने मिळतात, म्हणून तिथली सरासरी विश्वसनीय असते. मोठ्या कोनांवर तसे नाही. चतुर्ध्रुव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विस्तीर्ण चढउताराचे वर्णन अवघ्या पाच आकड्यांत संपते, आणि कोणतीही दुर्बीण सहावा आकडा देऊ शकत नाही. अपेक्षेहून क्षीण आलेले हे आकडे उसळीची खूण असतील, किंवा निव्वळ यदृच्छाही असेल. प्रारणाचे ध्रुवीकरण साऱ्या आकाशभर अधिक बारकाईने मोजण्याची लाइटबर्ड ही जपानच्या पुढाकाराने आखलेली मोहीम आहे. मोठ्या कोनांवरच्या ध्रुवीकरणाचे तिचे आकडे या क्षीणतेची वेगळ्या वाटेने तपासणी करू शकतील.